मदत हवी आहे: बोट, गाणं आणि 'घेणं', तिन्ही एकत्र जमेल अशी जागा सोलापूरहून कुठे?

कडक_भाकरी (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

आमची दहावीची बॅच यंदा डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भेटतेय. मागच्या खेपेला होटगी रोडवरच्या एका हॉलमध्ये जमलो, पनीर खाल्लं, फोटो काढले, नऊच्या आत पांगलो. या वेळी ग्रुपवर कुणीतरी बोटीवरच्या पार्टीचा व्हिडिओ टाकला. वरच्या डेकवर माइक धरलेला गाणारा, सगळ्यांच्या हातात ग्लास, मागे सूर्य बुडतोय. झालं! त्या दिवसापासून "बोट म्हणजे बोटच". हो म्हणणारे बावीस, शोधाशोध करणारी मी एकटी, कारण शाळेत मॉनिटर होते.

थोडी माहिती देते म्हणजे उत्तर द्यायला सोपं जाईल. निम्मे जण घेणारे आहेत, निम्मे नाहीत. दोघं माळकरी आहेत, त्यांची दुसऱ्यांनी घेण्याला हरकत नाही, पण शेजारी बसून वास नको म्हणतात. चार-पाच जणांची मुलं बरोबर असतील. गाणं मात्र लाइव्हच हवं, मोबाइलला जोडलेला स्पीकर नको. एकजण कीबोर्ड वाजवतो, एकाचा आवाज बरा आहे (तो स्वतः फारच बरा समजतो), आणि हलगीशिवाय आमचं कुठलंच कार्य पार पडत नाही.

उजनी घरचीच, म्हणून पहिला विचार तिचा. तिथे बोट भाड्याने घेऊन संध्याकाळी चार-पाच तास पाण्यात राहता येईल का? बोटीवर पिण्याला परवानगी कुणाची लागते? की सरळ गोवा गाठावा? सिद्धेश्वर तलाव कृपया सुचवू नका, एका महाशयांनी ग्रुपवर तेही सुचवून झालंय. देवाच्या दारात!

भीमाकाठ

ताई, मी करमाळ्याच्या बाजूचा, बॅकवॉटरला लागून शेत आहे. आधी बोटी कशा असतात ते ऐका. भिगवण, कुंभारगावला पक्षी दाखवायला नेतात त्या मूळच्या मासेमारीच्या होड्या. सपाट, कडा बुटक्या, मागे मोटर. सहा-आठ माणसं बसली की झालं. त्यात उभं राहायचं नसतं, नाचायचं तर सोडाच. बावीस माणसांना तीन-चार होड्या लागतील, मग कीबोर्ड एका होडीत आणि गाणारा दुसऱ्या होडीत.

आणि संध्याकाळ अजिबात नको. उजनी पूर्ण भरली की ११७ टीएमसी पाणी असतं, नावाला जलाशय, अंगाने समुद्र. मोकळ्या पाण्यावर वारा सुटला की लाटा उठतात. २१ मे २०२४ ला कुगाव-कळाशी दरम्यान प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली, सहा जण गेले. एकजण पोहत काठाला लागला म्हणून तेव्हाच कळलं तरी. डिसेंबरात तसं वादळ नसतं, मान्य. पण अंधारात माणूस पाण्यात पडला तर शोधायचा कुणी? आणि तो घेतलेला असेल तर?

टिवल्याबावल्या

पंढरीला या. चंद्रभागेत होडी, टाळ-मृदंग लाइव्ह, आणि प्यायला तीर्थ. तिन्ही अटी पूर्ण.

कडक_भाकरी

@टिवल्याबावल्या, माळकरी दोघांची मतं तुम्हाला मिळाली. वीस बाकी आहेत.

@भीमाकाठ, धन्यवाद. असं सरळ सांगणारंच कुणीतरी हवं होतं. मी एका बोटवाल्याला फोन केला होता, तो म्हणाला "या की ओ, बसवतो सगळ्यांना एकातच". मला तेव्हाच जरा खटकलं.

भीमाकाठ

"एकातच बसवतो" म्हणणाऱ्याकडे जाऊच नका. नोंदणी आणि तपासणीचे कागद आहेत का, किती माणसांची परवानगी आहे, हे दोन प्रश्न विचारा. खरा बोटवाला चिडत नाही, दाखवतो. दुसरी गोष्ट, होडी बहुतेक वेळा पाण्याने उलटत नाही, माणसांनी उलटते. एकाला रोहित पक्षी दिसतो, तो ओरडतो "ते बघा", आणि सगळे एका कडेला फोटो काढायला धावतात. तेवढं पुरतं. जाकिटं ढिगाने ठेवलेली असतात, पण अंगात घालून बंद लावणारा दहात एक सापडतो.

पाच_रुपयांचा_परवाना

कायद्याचं मी सांगतो, नोकरीच्या निमित्ताने या कागदांशी रोजचा संबंध आला आहे.

महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे, हे ऐकून लोक हसतात. पण त्यामुळेच दारू बाळगायला आणि प्यायला व्यक्तीच्या नावाने परवाना लागतो. दुकानात पाच रुपयांत एक दिवसाचा मिळतो तो हाच. मात्र तुमच्याकडे वैयक्तिक परवाना आहे म्हणून कुठेही मैफल मांडता येते असं नाही. खासगी कार्यक्रमात दारू द्यायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून त्या दिवसापुरता वेगळा परवाना काढावा लागतो, आणि तो ठरावीक जागेसाठी असतो. अर्जात जागा लिहावी लागते. तिथे "उजनीच्या मध्यभागी" असं लिहून बघा काय होतं ते. पाणी जलसंपदा खात्याचं, होडी कोळीबांधवाची, जबाबदारी कुणाची?

त्यामुळे माझं मत: पाण्यावर बाटली न्यायचीच नाही. काठावर परवाना असलेलं हॉटेल गाठा, नाहीतर शेताच्या मालकाची लेखी संमती घेऊन एक दिवसाचा परवाना काढा. ३१ डिसेंबरच्या आसपास अर्जांची गर्दी असते, आधीपासून लागा. आणि रात्री दहानंतर मोकळ्या जागेत लाउडस्पीकर बंद. वर्षअखेरीला सूट देतात कधी कधी, पण तिच्या भरवशावर गाणाऱ्याला बोलवू नका.

हलगी_शेकणारा

हलगीचं कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. पाण्यावरच्या दमट हवेत कातड्याची हलगी उतरते. ठण्ण वाजायची ती भद्द वाजायला लागते. आम्ही काय करतो, बाजूला पाचट-पालापाचोळा पेटवतो, त्यावर कातडं शेकतो, बोटाने टिचकी मारून बघतो, ताणलं गेलं की परत वाजवायला. दर पंधरा-वीस मिनिटांनी हा उद्योग असतो. बोटीत डिझेलच्या कॅनशेजारी जाळ करणार का?

फायबरच्या पानाची हलगी मिळते, तिला शेकावं लागत नाही. आवाज कर्कश असतो, मला आवडत नाही, पण बोटीवर तीच चालेल. कातड्याची वाजवायची असेल तर काठावर. कीबोर्डला वीज लागणार, जनरेटर होडीत ठेवला तर त्याच्या आवाजात तुमचा बरा आवाजवाला बुडेल.

पणजीकर_मूळ_अक्कलकोट

तिन्ही गोष्टी एकत्र आणि रीतसर हव्या असतील तर मांडवी नदीच. पणजीत मांडवी पुलाखाली सांता मोनिका जेटी आहे, तिथून संध्याकाळच्या बोटी सुटतात. साधारण तासाभराची फेरी. वरच्या डेकवर स्टेज, डीजे, मधूनमधून देखणी, फुगडी, कुणबी नाच. मग निवेदक आधी मुलांना बोलावतो, मग जोडप्यांना, मग नुसत्या बायकांना, मग नुसत्या पुरुषांना. पुरुषांची पाळी आली की स्टेज दुखतं. बार बोटीवरच असतो, तिकिटात धरलेला नसतो. पलीकडच्या काठावर रेइश मागूश किल्ला दिसतो, अलीकडे कॅसिनोच्या बोटी झगमगत उभ्या असतात.

पण ताईंच्या अपेक्षेत यात एक खोट आहे. ती बोट तुमची नसते. दोनशे अनोळखी माणसं, आणि गाणी त्यांच्या आवडीची. तुमच्या कीबोर्डवाल्याला तिथे कुणी हात लावू देणार नाही. पूर्ण बोट भाड्याने मिळते, तिथे तुमचं वाद्य तुमचं गाणं चालतं, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात भाव ऐकून तुम्ही होटगी रोडच्या हॉलला परत जाल. हेच जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीत करा. हवा तीच, भाव खाली.

यायचं कसं: जून २०२५ पासून फ्लाय९१ चं सोलापूर-गोवा विमान आहे, मोपाला उतरतं. रोज आहेच असं धरू नका, वार बघून तारीख ठरवा. रस्त्याने यायचं तर विजापूर, बेळगाव, चोर्ला घाट. जाताना बाटल्या बॅगेत भरू नका. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात नेणं गुन्हा आहे, आणि तुमच्या रस्त्यात आधी कर्नाटक लागतं.

उंबरठा

सगळे पुरुष दिसताय, म्हणून कुणी विचारलं नाही. बोटीवर स्वच्छतागृह आहे का? चार-पाच तास पाण्यात, त्यात बिअर, त्यात थंडी. पुरुषमंडळी कडेला उभी राहतील आणि तिथूनच पडतील. हे हसण्यावारी नेऊ नका, घेतलेला माणूस अशा वेळी होडीतून सहज पाण्यात पडू शकतो. बायकांनी काय करायचं? मांडवीच्या मोठ्या बोटींवर सोय असते, तरी चालू आहे का ते आधी विचारा. उजनीच्या होडीत प्रश्नच नाही, त्यामुळे तिथे तासाभराच्या वर बसू नये.

कडक_भाकरी

@उंबरठा, तुम्हाला कोपरापासून नमस्कार. हा एकच प्रतिसाद मी ग्रुपवर जसाच्या तसा डकवला आणि चार-पाच तासांची बोट दहा मिनिटांत एका तासावर आली. बायकांनी एकमुखाने मत दिलं. कायद्याचा प्रतिसादही टाकला होता, तो कुणी वाचला नाही.

आता अशी चर्चा चालू आहे: उजनीला सकाळी लवकर होडी, तासभर, पक्षी बघायला. तिथे ना गाणं ना पिणं. मग एका मित्राच्या मामांचं शेत टेंभुर्णीच्या अलीकडे आहे तिथे हुरडा. तो डिसेंबरच्या शेवटी येईल का हे मामा पेरणीवरून सांगणार आहेत. दुपारपासून गाणी, हलगी कातड्याची, शेकायला आगटी आहेच. घेणाऱ्यांची सोय गोठ्यापलीकडे, माळकऱ्यांपासून वाऱ्याच्या खालच्या अंगाला. परवान्याचं @पाच_रुपयांचा_परवाना म्हणतात तसं करू, मामांची सही मिळेल.

पण ज्यांनी व्हिडिओ बघितलाय त्यांचं समाधान होत नाहीये. "हे तर नेहमीचंच झालं बे" असं येतंय.

टिवल्याबावल्या

हुरडा पार्टीला नेहमीचं म्हणणारा सोलापूरकर मी पहिल्यांदा बघतोय. त्याला बॅचमधून काढा.

भीमाकाठ

हा बेत चांगला आहे. डिसेंबरात रोहित येतात, पट्टकदंब हंस येतात, चित्रबलाक तर असतातच. मात्र पाणी किती उतरलंय त्यावर पक्षी असतात, रोहितांना उथळ चिखल लागतो. यंदा धरण काठोकाठ असेल तर डिसेंबरात थोडेच दिसतील, फेब्रुवारीपर्यंत वाढतात. आठवडाभर आधी बोटवाल्याला विचारा, ते खरं सांगतात. सोलापूरहून भिगवण दीडशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे सूर्योदयाला पाण्यात उतरायचं तर पहाटे तीनला गाडी हलली पाहिजे. आणि होडीत हलगी खरंच नेऊ नका. एक थाप पडली की सगळा थवा उठून पार पलीकडे जातो, मग मागून आलेल्या होड्यांना पाणीच बघावं लागतं.

पणजीकर_मूळ_अक्कलकोट

ज्यांना व्हिडिओच हवाय ते फेब्रुवारीत इकडे या. आठ-दहा जण असाल तर तिकिटाच्या बोटीतही मजा येते, बावीस जणांत कुणीतरी रुसतंच. वरच्या डेकवर कडेची जागा हवी असेल तर अर्धा तास आधी रांगेत लागा.

हलगी_शेकणारा

शेतावर असेल तर मी वाजवायला येतो. मानधन हुरडा.

कडक_भाकरी

ठरलं. डिसेंबरला उजनी आणि हुरडा, सगळे. फेब्रुवारीला मांडवी, ज्यांना जायचंय ते, आणि त्याचे पैसे गोळा करायला मी नाही. ते काम व्हिडिओ टाकणाऱ्याकडे दिलंय, तेव्हापासून तो ग्रुपवर गप्प आहे.

@हलगी_शेकणारा, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

एक शेवटचं विचारायचं राहिलं. लहान मुलांच्या मापाची जाकिटं तिकडे होडीवाल्यांकडे असतात का? सर्वांत लहान मूल सहा वर्षांचं आहे.

भीमाकाठ

काहींकडे असतात, काहींकडे मोठंच जाकीट दोरीने आवळून देतात. ते चालत नाही, पाण्यात पडलं की मूल खालून सुटतं आणि जाकीट वर राहतं. फोनवर आधी विचारा, आणि नसेल तर विकत घेऊनच या. दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलं घ्या.

कडक_भाकरी

बोटवाल्याला फोन केला. मोठी आहेत, लहान नाहीत म्हणाला. आधीच्या "एकातच बसवतो" वाल्यापेक्षा हा बरा वाटला, सहापेक्षा जास्त माणसं घेणार नाही असं स्वतःहून सांगितलं. मुलं धरून पाच होड्या सांगून ठेवल्या. मुलांची जाकिटं मागवते आहे, पट्ट्याची.