मदत हवी आहे: शून्य प्रसरणाचा त्रिकोण, तरी टोक ०.०४ मिमी वर जातंय

काटकोन:
दोन धातूंचा त्रिकोण केलाय. तापला तरी वरच्या टोकाची उंची बदलायला नको. पाया ॲल्युमिनियम ६०६१, पिन ते पिन १४४.५ मिमी. तिरक्या पट्ट्या स्टीलच्या, १०० मिमी. प्रसरणांक दर अंशाला दशलक्षांशात २३ आणि १२ धरले. पायाचं एक टोक पक्कं, दुसरं खाचेत मोकळं. टेकण आणि डायलपर्यंतची (उंचीतला फरक दाखवणाऱ्या काट्याच्या मापकापर्यंतची) सळई क्वार्ट्झची, म्हणजे जवळपास न पसरणारी. ३० वरून ९० अंशांवर नेलं की डायल ०.०१ ची चार घरं वर. कुठे चुकतंय?

पिनहोल:
भूमिती बरोबर आहे. १०० चा वर्ग गुणिले १२, आणि अर्ध्या पायाचा, म्हणजे ७२.२५ चा वर्ग गुणिले २३. दोन्ही १,२०,००० च्या आसपास. पाया पसरून टोक जेवढं खाली ओढतो तेवढंच पट्ट्या वर ढकलतात. पट्ट्यांना लोहचुंबक लावून बघा, साधं स्टील असेल तर चिकटेल.

काटकोन:
चिकटत नाही.

पिनहोल:
मग एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) असणार. त्याचा प्रसरणांक १७ च्या घरात. १७ घालून तोच हिशेब केला तर ६० अंशांना ०.०४३ मिमी येतं. डायल खरंच बोलतोय! एमएसच्या (माइल्ड स्टील, साधं स्टील) पट्ट्या टाका. ३०४ च ठेवायचं तर पाया १७२ लागेल, उंची जेमतेम ५१ उरेल. इतक्या चपट्या त्रिकोणात पायातला ०.०२ चा खेळ टोकाला ०.०१७ हलवतो, एमएसच्या मापात तो ०.०१ वर राहतो.

सूतभर:
खेळाचं निघालंच आहे तर, नुसत्या ड्रिलच्या भोकांवर भागवू नका. ४.८ मिमीचं ड्रिल, मग ५ चा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), ५ ची डॉवेल पिन (नेमक्या मापाची गुळगुळीत पिन). दोन्ही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून भोकं पाडा, अंतर सारखं येतं. नट आवळू नका, सर्क्लिप (पिन निसटू न देणारी स्प्रिंगची कडी) लावा. सांधा जाम झाला की पट्टी वाकते आणि काटा सरकायच्या ऐवजी उड्या मारतो. शिवाय एक टोक पक्कं असल्याने शिखर ०.१ मिमी आडवं जाणारच. सळईचं खालचं टोक सपाट घासलेलं हवं, नाहीतर ती गोल पिनवरून घसरून खोटी उंची दाखवेल.

काटकोन:
एमएस घेतो. पाया मुद्दाम १५० केला तर?

पिनहोल:
तापल्यावर टोक खाली जाईल, ६० अंशांना साधारण ०.००८५ मिमी. तुमच्या ०.०१ च्या डायलवर ते धड दिसणार नाही, मायक्रॉनचा लागेल.