प्रति: फुटपाथ असून लोक रस्त्यावरून चालतात

फुटपाथ असूनही लोक रस्त्यावरून चालतात कारण ‘लोकांना शिस्तच नाही’, असं म्हटलं जातं, ते अर्धंच खरं. माझी आई पंचाहत्तरीची, गुडघे दुखतात. पुण्यातल्या आमच्या गल्लीबाहेरचा फुटपाथ चांगला फूटभर उंच, आणि दर दुसऱ्या सोसायटीच्या गेटपाशी तुटलेला. दूध आणायला जाताना सहा वेळा चढ-उतर कोण करणार? ती खालूनच चालते. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेची पादचारी सुविधांची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आयआरसी १०३. त्यांच्या २०१२ च्या आवृत्तीनुसार फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे अर्ध्या फुटापेक्षा जास्त नको. चालायला निदान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी. टेप घेऊन आपापल्या दारासमोर मोजून बघा एकदा. पुण्यातल्याच जंगली महाराज रस्त्यावर फुटपाथ रुंद झाले तसे लोक मजेत वरून चालतात की! (दुचाकीवालेही चढतात, ते वेगळं दुखणं.)

सायकल ट्रॅकचंही तेच. माझ्या वाटेवरचा ट्रॅक विजेच्या डीपीच्या पेटीवर जाऊन संपतो. तिथून थेट वाहतुकीत उतरायचं, आणि मागून येणारा गाडीवाला हॉर्न वाजवून विचारणार, ट्रॅक दिलाय ना तुम्हाला?