चेकरमॅलो वाळतंय, उपटू की ठेवू? (अर्जंट)

टोमॅटोवाली:
मदत हवी आहे. मागच्या अंगणात चेकरमॅलोचं फुलझाड लावलंय, मे महिन्यात मस्त गडद गुलाबी फुलं आली होती, आता पानं पिवळी पडून पार वाळत चाललंय, रोज पाणी घालते, खत पण घातलं तरी तेच. शनिवारी पाहुणे येणारेत त्याआधी उपटायचं का ते ठरवायचंय. प्लीज लवकर सांगा.

आडवाट:
कुठे राहता? पुण्यात असाल तर रोप कुठल्या नर्सरीत मिळालं तेवढं सांगा, मला पण हवंय.

कुंडीमास्तर:
जास्वंदीच्या कुळातलं दिसतंय, म्हणजे भेंडी, अंबाडी, कापूस सगळे भाऊबंद. मग मिलीबग (पिठ्या ढेकूण) असणारच, बघायची पण गरज नाही. नीम तेल ५ मिली एक लिटर पाण्यात, दोन थेंब भांड्यांचा साबण, आणि फवारा. आमची जास्वंद यावरच जगलीये.

टोमॅटोवाली:
अहो मिलीबग नाहीये, बघितलं मी. बीव्हर्टनला राहते, अमेरिकेत ओरेगॉनमध्ये, पोर्टलंडजवळ.

पावसाळीकाकू:
मग हे आधी सांगायचं ना! आणि ऑगस्टच्या उन्हात तेल फवारू नका, पारा नव्वद फॅरनहाइटच्या वर असला की पानं भाजून निघतात.
आता माझे प्रश्न. टॅगवर पूर्ण नाव काय होतं? उंची किती? गुडघ्याएवढं असेल आणि मे मध्येच फुललं असेल तर ते बहुतेक रोझ चेकरमॅलो, तुमच्या ओरेगॉनच्या विलमेट व्हॅलीतलंच मूळचं. फुलून बी धरलं की ते वरून वाळतं, मुळं जमिनीत झोपून राहतात आणि ऑक्टोबरचा पाऊस लागला की बुडातून परत पानं फुटतात. इथला उन्हाळा कोरडा, त्याला सवयच तशी आहे. तुम्ही रोज पाणी घालून त्याची मुळं कुजवताय. मेडो चेकरमॅलो असतं तर फिकट गुलाबी, माणसाच्या उंचीचं आणि जून-जुलैत फुललं असतं.

सिअ‍ॅटलकर:
काकू सरसकट पाणी तोडायला सांगू नका. माझ्याकडे 'पार्टी गर्ल' नावाचं चेकरमॅलो आहे, त्याला उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा खोल पाणी दिलं नाही तर मान टाकतं. फुलं संपल्यावर दांडे अर्ध्यावर छाटले की सप्टेंबरात दुसरा बहर येतो.

पावसाळीकाकू:
पार्टी गर्ल नर्सरीतलं संकरित आहे हो, त्याला पाणी लागणारच. मी रानातल्याबद्दल बोलतेय. नेल्सन्स चेकरमॅलो इथलंच, १९९३ मध्ये अमेरिकेच्या धोक्यातल्या वनस्पतींच्या यादीत गेलं होतं आणि २०२३ मध्ये बाहेर आलं. ते काय कोणी रोज होज घेऊन वाढवलं?

सिअ‍ॅटलकर:
यादीचा आणि पाण्याचा काय संबंध? टॅग बघू दे आधी.

टोमॅटोवाली:
टॅग हरवला. गुडघ्यापर्यंतच आहे. खालच्या पानांना मागून नारिंगी-तपकिरी पुळ्या आहेत पण त्या शेजारच्या हॉलीहॉकच्या फुलझाडाला दरवर्षीच येतात, त्याचं काय एवढं.

सिअ‍ॅटलकर:
त्याचंच तर एवढं! तो रस्ट आहे, तांबेरा. हॉलीहॉकवरचा तांबेरा चेकरमॅलोलाही लागतो. पुळ्यावाली पानं तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. हॉलीहॉकची पण. पाणी सकाळी आणि बुंध्याशी, स्प्रिंकलरने पानं भिजवू नका.

कुंडीमास्तर:
आंबट ताकाची फवारणी करा, बुरशीला रामबाण.

पावसाळीकाकू:
रस्ट असेल तरी वाळण्याचं कारण तेच कशावरून? टोमॅटोवाली, बुडाशी माती जरा उकरा. गड्डा घट्ट असेल तर जिवंत आहे, पिचपिचीत आणि वास मारत असेल तर गेलं.

आडवाट:
माझ्या प्रश्नाचं काय? भाचा पोर्टलंडलाच असतो, बी आणायला सांगू का?

सिअ‍ॅटलकर:
नको. बियांना इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बी रोग-किडीमुक्त असल्याचा दाखला) लागतं, बॅगेतून आणायचा विषय नाही. आणि पुण्याची थंडी त्याला पुरायची नाही. ऑक्टोबरात हॉलीहॉक पेरा, हिवाळ्याच्या शेवटी फुलेल.

टोमॅटोवाली:
उकरलं. गड्डा घट्ट आहे, बारीक हिरवे कोंब पण दिसतायत. वाळलेले दांडे कापले, पाणी बंद. शनिवारी त्याच्यापुढे झेंडूच्या कुंड्या लावते.

कुंडीमास्तर:
ताक मारलं का?

पावसाळीकाकू:
नाही मारायचं. ऑक्टोबरात फोटो टाका.

नवी_सूनबाई:
सॉरी मध्येच विचारते, हिल्सबरोला कढीपत्ता हिवाळ्यात गॅरेजमध्ये ठेवला तर जगतो का?