मल्टीच्या गच्चीवर उभ्या आसाची पवनचक्की बसवावी का?

सुदामानगरकर:
आमच्या मल्टीत, म्हणजे फ्लॅटच्या इमारतीत, सोलर झालं, आता उरलेल्या पैशात गच्चीवर उभ्या आसाची, म्हणजे उभ्या खांबाभोवती फिरणारी, छोटी पवनचक्की लावायचं चाललंय आणि मी पूर्ण बाजूने आहे. देवासच्या टेकड्यांवरच्या तीन पात्यांच्या चक्कीला वाऱ्याकडे तोंड वळवावं लागतं, हिला वारा कुठूनही आला तरी चालतो, शिवाय जनरेटर खाली असतो म्हणजे दुरुस्तीला खांबावर चढायला नको. इराणात नश्तीफानला मातीच्या भिंतींमधे उभ्या चक्क्या शेकडो वर्षं दळण दळत आल्यात. आणि पावसाळ्यात आभाळ भरलं की सोलर बसतं, तेव्हाच आपल्याकडे वारा असतो!

लोकमान्यनगरवाला:
दादा, माझा विरोध आहे. शब-ए-मालवाची, म्हणजे माळव्यातल्या रात्रीची, हवा अंगाला गोड लागते, पण वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनात जाते, वेग अर्धा झाला की ताकद आठवा हिस्सा. 2 चौरस मीटरच्या चक्कीवर सेकंदाला 3 मीटरचा वारा आला तर त्यात सगळी मिळून साधारण 30 वॅट असतात, बेट्झच्या नियमाने कुठलीच चक्की 59.3 टक्क्यांवर जात नाही आणि छोटीने चौथा हिस्सा काढला तरी पुष्कळ, म्हणजे 7-8 वॅट, एक एलईडी बल्ब. देवासच्या चक्क्या टेकडीवर उंच खांबांवर आहेत, आपल्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आणि शेजारच्या मल्टीचे भोवरे. संक्रांतीला मांजा गुंडाळला तर तो वेगळाच ताप.

रिटायर्ड_मेकॅनिकल:
मी लोकमान्यनगरवाल्यांच्या बाजूने, कारण वेगळं. दारियस या फ्रेंच इंजिनियरला उभ्या आसाच्या, वक्र पात्यांच्या डिझाईनचं अमेरिकन पेटंट 1931 मधे मिळालं, तरी मोठी झेप अडकली ती धातूच्या थकव्यात. प्रत्येक फेरीत पात्यावर जोर एकदा या बाजूने एकदा त्या बाजूने येतो, हे लाखो वेळा झालं की तडा जातो, कॅलिफोर्नियात 1980च्या दशकात हेच झालं. कॅनडात क्वेबेकची एओल नावाची अशीच चक्की 3.8 मेगावॅटची, सुमारे 110 मीटर उंच, ती 1993 मधे खालचं बेअरिंग गेल्यावर बंद पडली. जनरेटर खाली असतो म्हणता, पण सगळं वजनही त्याच खालच्या बेअरिंगवर येतं ना.

सुदामानगरकर:
काका, बेअरिंगचं पटलं, पण 110 मीटरचं दुखणं 2 मीटरच्या चक्कीला का लावता? दारियस चक्कीला सुरू व्हायला बाहेरून धक्का लागतो म्हणून लोकांनी मधे साव्होनियस चक्की जोडली, कापलेल्या पिंपासारखी, ती कमी वाऱ्यातही आपणहून फिरते. गोर्लोव या इंजिनियरनी पाती पिळदार केली, त्याने झटके कमी झाले. अमेरिकेतल्या कॅलटेक विद्यापीठात डाबिरी या संशोधकांनी एकमेकींच्या उलट दिशेला फिरणाऱ्या चक्क्यांच्या जोड्या जवळ जवळ लावून दाखवल्या. डिझाईन थांबलेलं नाही.

लोकमान्यनगरवाला:
थांबलेलं नाही हे मान्यच, पण साव्होनियस फिरते छान आणि वीज देते कमी. गच्चीवर आधी वर्षभर वारा मोजणारं यंत्र लावा, तेही टाकीच्या आडोशाला नाही, वर पाईपवर. आकडे येईपर्यंत मेंटेनन्सच्या पैशाला हात लावायला माझी सही नाही.

सुदामानगरकर:
यंत्र मी माझ्या खर्चाने लावतो, जूनच्या आधी, पावसाळा पूर्ण धरायचाय.