सी विंग दुसऱ्या प्रभागात गेलीय, कुणाकडे जायचं?

सेक्रेटरी: सर्वांना नमस्कार. महापालिकेने प्रभागनिहाय प्रारूप मतदार याद्या २० नोव्हेंबर २०२५ला लावल्यात. हरकतींची मुदत आता ३ डिसेंबर केली आहे. आज क्षेत्रीय कार्यालयात जाऊन यादी बघितली. ए आणि बी विंग बरोबर आहेत. सी विंगची बहुतेक नावं नाल्यापलीकडच्या प्रभागात गेलीत. सी विंगवाल्यांनी आपापलं नाव तपासून घ्या.

सी-५०३: वा! पाण्याची टाकी एक, मेंटेनन्स एक आणि नगरसेवक वेगळे?

ए-१०१: टाकीवरून आठवलं, टँकर किती वाजता आहे?

सेक्रेटरी: टँकरचं दुसऱ्या ग्रुपवर टाकलंय. इथे फक्त यादीचं बोला प्लीज.

बी-७०४: माझ्या मुलाला ऑगस्टमध्ये अठरा पूर्ण झाली. लगेच नवीन नोंदणीचा फॉर्म ६ भरला, मतदार कार्डही पोस्टाने घरी आलं. तरी या यादीत नाव नाही. महापालिकेत विचारलं तर म्हणतात आमच्या हातात नाही. मग आहे कुणाच्या हातात?

सी-५०३: हेच हेच. एक म्हणतो तिकडे जा, तिकडचा म्हणतो इकडे. कार्ड दिलं कशाला मग, पाकिटात मिरवायला?

बी-३०२: तहसीलच्या निवडणूक शाखेत नोकरी गेली माझी, म्हणून जरा लांबण लावतो. महापालिकेचा माणूस खरं बोलला. मूळ यादी विधानसभेची, केंद्रीय निवडणूक आयोगाची. दर विधानसभा मतदारसंघाला एक मतदार नोंदणी अधिकारी असतो, बहुधा प्रांत किंवा उपजिल्हाधिकारी, आणि त्याच्या हाताखाली सहायक म्हणून तहसीलदार वगैरे. नाव घालणं, काढणं, पत्ता बदलणं, सगळं त्यांच्याकडे. महापालिकेची निवडणूक घेतो तो राज्य निवडणूक आयोग. तो निराळा, घटनेच्या २४३ के आणि २४३ झेडए कलमांतला. त्याची स्वतःची अशी वेगळी नोंदणी नसते. तो एक तारीख ठरवतो, त्या तारखेची विधानसभेची यादी उचलतो आणि महापालिका ती प्रभागांत फोडते. या खेपेला तारीख आहे १ जुलै २०२५. चिरंजीवांचं नाव विधानसभेच्या यादीत पक्कं आहे, पण या निवडणुकीत मत नाही.

बी-७०४: काका, पण वर्षातून चारदा नोंदणी म्हणून केवढ्या जाहिराती केल्या! जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. मुलाने म्हणून तर घाईने भरला.

बी-३०२: त्या चार तारखा २०२२ पासून आहेत आणि खऱ्या आहेत. पण स्थानिक निवडणुकीसाठी यादी कुठेतरी थांबवावीच लागते, नाहीतर वर प्रभाग फोडायचे आणि खाली नावं बदलत राहायची. मला खटकतं ते वेगळं. कार्डाच्या पाकिटात एक चिठ्ठी टाकली असती की ‘येत्या महापालिकेला हे चालणार नाही’, तर तुम्हाला रजा टाकून खेटे घालावे लागले नसते. ते लिहायचं कुणी, यावर दोन्ही आयोग एकमेकांकडे बोट दाखवतील.

सी-५०३: मग आमच्या विंगचं पण ‘आमच्या हातात नाही’ म्हणतील.

बी-३०२: नाही, तिथे महापालिकेला हात झटकता येणार नाहीत. फोडताना झालेली चूक त्यांचीच. लेखनिकाची चूक, भलत्या प्रभागात गेलेला मतदार आणि विधानसभेच्या यादीत असून इथे गळलेलं नाव, एवढं या हरकतींत दुरुस्त होतं. नवीन नाव किंवा पत्ताबदल मात्र नाही. आधी प्रभागाचा नकाशा बघा. हद्दच आपल्या कंपाउंडमधून गेली असेल तर विषय प्रभागरचनेचा, आणि त्याच्या हरकती केव्हाच संपल्या.

सेक्रेटरी: नकाशा बघितला काका. हद्द नाला आहे. सोसायटी पूर्ण अलीकडे.

बी-३०२: मग हरकत भक्कम आहे.

सी-२०१: पण एकाच गेटच्या आतले लोक दोन प्रभागांत जातातच कसे? आंधळेपणाने फोडतात का?

ए-६०२: मी सांगू का? शाळेत शिकवते आणि बीएलओ पण आहे, म्हणजे मतदान केंद्राची यादी घरोघर जाऊन तपासणारी, म्हणून अंदाज आहे. तुमची सी विंग मागाहून झाली. तेव्हा तुमचे फॉर्म ज्या यादी भागात चढले त्याचं मतदान केंद्र नाल्यापलीकडच्या शाळेत आहे. विधानसभेला काही बिघडत नाही, मतदारसंघ तोच. प्रभाग करताना मात्र तो अख्खा यादी भाग पलीकडे टाकला असणार. जागेवर येऊन बघितलं नाही की असंच होतं.

सी-२०१: ताई तुम्ही बीएलओ? आमच्याकडे तर बीएलओ कधी फिरकलेच नाहीत!

ए-६०२: मी आपल्या भागाची नाही हो, स्टेशनजवळच्या भागाची आहे. पण कसं फिरकायचं ते पण ऐका. शाळा सुटल्यावर पिशवीत यादी घेऊन निघायचं. गेटवर वही. वॉचमन इंटरकॉम लावतो, वरून आवाज येतो ‘नकोय आम्हाला काही’. त्यांना वाटतं मी वॉटर प्युरिफायर विकतेय. यादीत पत्ता काय, तर घर क्रमांक शून्य. नाहीतर एखाद्या चाळीचं नाव, आणि चाळीच्या जागी तीन टॉवर. ‘सदर व्यक्ती आढळली नाही’ असा शेरा मारला तर नाव कटतं आणि निवडणुकीच्या दिवशी तीच व्यक्ती केंद्रावर येऊन माझ्यावर ओरडते. मानधन वर्षाला ६,००० होतं, यंदा आयोगाने १२,००० केलं.

सी-२०१: सॉरी ताई, तुम्हाला उद्देशून नव्हतं.

बी-३०२: आणि गंमत बघा. या ताईंचा पगार महापालिकेचा. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २९ वं कलम सांगतं, मुख्य निवडणूक अधिकाऱ्याने मागणी केली की स्थानिक संस्थेने नोंदणीसाठी माणसं द्यायची. माणसं पालिकेची आणि यादी आयोगाची. आपल्याला माणूस ओळखीचा दिसतो, म्हणून यादीही पालिकेचीच वाटते आणि आपण चुकीच्या खिडकीवर रांग लावतो.

ए-१०१: *फॉरवर्डेड* तातडीचे!! एसआयआरचा (मतदार यादीच्या विशेष सखोल पुनरीक्षणाचा) फॉर्म भरून न दिल्यास नाव मतदार यादीतून वगळणार. सर्व ग्रुपवर पाठवा.

ए-६०२: काका, हे कुठून आलं?

ए-१०१: मडगावच्या मेहुणीने पाठवलं.

ए-६०२: मग तिच्यासाठी बरोबर आहे. आयोगाने २७ ऑक्टोबरला १२ राज्यं आणि केंद्रशासित प्रदेश जाहीर केले, त्यात गोवा आहे. महाराष्ट्र या टप्प्यात नाही. तिला म्हणावं फॉर्म नक्की भर. आणि इथून तो मेसेज उडवा, नाहीतर उद्या माझ्या भागातले दोनशे फोन मलाच.

*ए-१०१ यांनी मेसेज डिलीट केला*

बी-२०५: मी भाडेकरू आहे. नाव नांदेडला आहे. इथे घेता येईल का?

बी-२०५ ओनर, बंगळुरू: कृपया माझ्या फ्लॅटच्या पत्त्यावर नोंदणी करू नये. माझं स्वतःचं नाव तिथे आहे.

सेक्रेटरी: 🙏 शांतपणे घ्या.

बी-३०२: त्यांना येतं इथे घेता. कायदा बघतो तो माणूस सर्वसाधारणपणे राहतो कुठे. २० वं कलम उघड सांगतं, नुसतं घर मालकीचं आहे एवढ्यावर कुणी तिथला रहिवासी ठरत नाही. आणि नोंदणी झालेला भाडेकरार पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो. फक्त पुन्हा फॉर्म ६ भरायचा नाही, पत्ताबदलाचा फॉर्म ८ भरायचा. नाहीतर नांदेडलाही नाव आणि इथेही. या वेळच्या याद्यांत संभाव्य दुबार नावांपुढे दोन तारे मारलेत, ते बहुतेक अशाच कारणाने.

बी-२०५ ओनर, बंगळुरू: उद्या यांनी घरावर हक्क सांगितला तर?

बी-३०२: यादीत नाव आल्याने घर मिळत असतं तर आमच्या शाखेतल्या सगळ्यांचे बंगले झाले असते. करार नोंदवलाय ना तुम्ही? मग झालं. तुम्ही बंगळुरूला कधीपासून?

बी-२०५ ओनर, बंगळुरू: सहा वर्षं.

बी-३०२: मग खरं तर फॉर्म ८ तुम्ही भरायला हवा, तिथल्या पत्त्यासाठी.

बी-२०५ ओनर, बंगळुरू: मराठी माणसाने महाराष्ट्रात मत द्यायचं नाही का?

सी-५०३: द्या की. या राहायला. आधी लिफ्टचे थकलेले पैसे पण द्या.

सेक्रेटरी: ते एजीएमला बोलू.

सी-२०१: सासूबाईंना जाऊन चार वर्षं झाली, अजून त्यांच्या नावाची मतदार स्लिप येते. मिस्टरांना दरवेळी वाईट वाटतं.

ए-६०२: वहिनी, नाव काढायचा फॉर्म ७ आणि मृत्यू दाखल्याची प्रत. पोर्टलवरूनही होतं. फॉर्मला अडचण आली तर १९५० या हेल्पलाइन नंबरवर फोन करा.

बी-२०५: मी आत्ता फॉर्म ८ भरला तर या निवडणुकीत इथे मत देता येईल?

बी-३०२: नाही. या वेळी नांदेडलाच, तिथे महापालिकेच्या यादीत असाल तर. पण भरून ठेवा, नंतर विसरता.

सेक्रेटरी: ठरवू या. सी विंगचे सगळे फॉर्म आणि हरकती मी गोळा करून एकदम देऊन येतो.

बी-३०२: थांबा. नोंदणीच्या फॉर्मचा गठ्ठा एका हाताने घेत नाहीत, घरातल्या घरात चालतं. हरकतीवर ज्याची त्याची सही, एपिक नंबर (मतदार कार्डावरचा), यादी भाग आणि अनुक्रमांक. सोबत लाईट बिल. नकाशाची प्रत प्रत्येकाला लावा. आणि पोचपावती घेतल्याशिवाय हलू नका.

सेक्रेटरी: ओके. सी विंगने रविवारी ११ ला क्लबहाऊसमध्ये सही करून द्यावी. सोमवारी मी, ५०३ आणि काका जाऊ.

बी-३०२: मी येतो, पण गाडी तुमची.

ए-६०२: आपल्या भागाच्या बीएलओ माझ्याच शाळेत आहेत. रविवारी त्यांना घेऊन येते, फॉर्म ७ आणि ८ वाल्यांचं तिथेच होईल. फक्त गेटवर त्यांचं नाव आधी लिहून ठेवा. मागे आल्या होत्या तेव्हा इंटरकॉम कुणी उचलला नाही म्हणून परत गेल्या.

सेक्रेटरी: आत्ताच वॉचमनला सांगतो.

ए-१०१: टँकर आला का?