रडला म्हणजे सुधारला?

पाऊलवाट: काल इथं एकानं लिहिलं, ‘लैंगिक गुन्हेगाराच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसला की समजा तो सुधारला.’ वाचून इतकी चिडले की झोप लागेना. हॅन्सन आणि मॉर्टन-बूर्गाँ या संशोधकांनी २००५ मध्ये लैंगिक गुन्हेगारांवरचे ८२ अभ्यास एकत्र करून पाहिले. गुन्हा नाकारणं, पीडितेबद्दल कळवळा नसणं, याचा पुन्हा तसाच गुन्हा करण्याशी जवळपास संबंध सापडला नाही. सापडला तो विकृत लैंगिक ओढीशी आणि बेबंद, कायदा धाब्यावर बसवणाऱ्या वृत्तीशी. पाच-सहा वर्षांत पुन्हा तसा गुन्हा केलेले १३.७ टक्के निघाले.

दगडफूल: पकडले गेले तेवढेच मोजले ना? आमच्या घरातलाच माणूस होता. मी शाळेत होते. सगळ्यांसमोर हात जोडून ढसाढसा रडला. आजीनं उठून त्याला पाण्याचा तांब्या दिला. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. दोन वर्षांनी धाकट्या मावसबहिणीच्या वाट्याला तेच आलं. तक्रार झालीच नाही. तो तुमच्या कुठल्या टक्क्यात बसतो?

पाऊलवाट: कुठल्याच नाही. हे आकडे कमीच दाखवतात, मान्य. पण तोही रडलाच होता ना?

कवडसा: आजीला कशाला मध्ये आणता? त्या पिढीतल्या बाईच्या हातात होतं काय?

दगडफूल: तांब्या होता. तो मला देता आला असता.

कवडसा: घर मोडलं असतं तर तुम्हीच तिला बोल लावला असता.

दगडफूल: माझं मोडलंच होतं. घर सांभाळायच्या नावाखाली गप्प बसलेल्यांची बाजू माझ्यासमोर मांडू नका.

वहिवाट: जरा थांबा दोघी. मी कैद्यांचं समुपदेशन करतो. असा माणूस पुन्हा गुन्हा करण्याचा धोका किती, हे मोजायच्या ‘स्टॅटिक-९९’ या तक्त्यात दहा मुद्दे असतात: वय, आधीच्या शिक्षा, पीडित अनोळखी होती का, असे. त्यात मनात डोकावणं जवळजवळ नाहीच. ते काम ‘स्टेबल-२००७’ हा दुसरा तक्ता करतो. माझ्याकडच्या एकानं माफीचं पत्र असं लिहिलं होतं की वाचताना गलबलून आलं. पत्राची घडी घालताना तो सहज म्हणाला, ‘मोठी माणसं दुखावतात, मला लहान मुलंच समजून घेतात.’ मी पत्र बाजूला ठेवलं आणि ते वाक्य टिपून घेतलं.

दगडफूल: बरं, अश्रू मोजू नका, एवढं पटलं. पण ‘धोका कमी’ असा शेरा मारण्याआधी तो सुटून कुणाच्या घरी राहणार, तिथं मुलं आहेत का, हे विचारता?

वहिवाट: विचारतो. दर भेटीत पुन्हा विचारतो.