नववीच्या मुलांना इंजिनिअरिंगची तोंडओळख: काड्यांचा पूल की पवनचक्की?

कृष्णाकाठ (सांगली)
नववीची 40 मुलं आहेत. पुढच्या महिन्यात त्यांना वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजच्या लॅब दाखवायला न्यायचं ठरतंय. त्याआधी शाळेतच हाताने करण्यासारखं काहीतरी द्यायचंय. एक दिवस दोन तास आणि दुसऱ्या एखाद्या दिवशी एक तास मिळेल, खर्च 2000 च्या आत. आइस्क्रीमच्या काड्यांचा पूल घ्यावा की खेळण्यातल्या मोटरची पवनचक्की? पुलाचं वजन पेलणं मोजायचं कसं?

पाना_पक्कड
पूलच घ्या सर. पवनचक्कीत मुलं पाती छान करतात, पण मोटरला जोडलेला एलईडी पेटत नाही. लाल एलईडीलाही 2 व्होल्टच्या आसपास लागतात आणि खेळण्यातली मोटर तेवढे द्यायला मिनिटाला हजारो फेरे फिरावी लागते. पुठ्ठ्याची पाती पंख्यासमोर तेवढी कुठली फिरायला! साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या बहुतेक पवनचक्क्यांतही पाती संथ फिरतात, मधला गिअरबॉक्स वेग वाढवतो. करायचीच तर एलईडी सोडा, मल्टिमीटर लावून व्होल्ट मोजा.

आता पूल. पाच-पाच जणांचे 8 गट, प्रत्येकी 70 काड्या (114 × 10 × 2 मिमीच्या, बिनरंगी). सांध्यावर काड्या एकमेकींवर साधारण 1 सेंमी चढवल्या की दोन सांध्यांत 10 सेंमी अंतर पडतं. एका बाजूला खाली 4, वर 3, तिरक्या 8. अशा दोन बाजू आडव्या काड्यांनी जोडायच्या. लांबी 40 सेंमी होते, म्हणून दोन बाकांत अंतर 35 च ठेवा.

फेविकॉल पातळ लावा, सांध्याला कपड्याचा चिमटा आणि 24 तास हात नको. ग्लू गन घाईची आहे, पण तिचा गोळा जाड होतो आणि भार आला की सोलून निघतो. शिवाय बोटं भाजतात.

वजनाला पाणी घ्या. 1 लिटर म्हणजे 1 किलो, वेगळा काटा नको. मधल्या खालच्या सांध्यांवर लाकडी पट्टी आडवी टाकून तिला दोरीने बादली टांगा. पट्टी सांध्यावरच हवी. काडीच्या मध्यावर बसली तर पूल मोडत नाही, ती एकच काडी वाकून मोडते. बादली फरशीपासून 5 सेंमीवर, खाली ओलं पोतं. बादलीचं स्वतःचं वजन धरायला विसरू नका.

कृष्णाकाठ (सांगली)
नमुना करून बघितला. 6 किलोलाच वरची काडी बाहेरच्या बाजूला फाकली, सांधे मात्र शाबूत. चिकटवण्यात चूक म्हणावी का?

गणिताचे_मास्तर
चूक नाही, हाच खरा धडा. वरची काडी दाबली जाते, खालची ताणली जाते. ताणलेली काडी सहसा तुटत नाही, दाबलेली मात्र आधी बाजूला वाकते. ती वाकते जाडी जिकडे 2 मिमी आहे त्या दिशेला, आणि तुमच्या पुलात ती दिशा नेमकी बाहेरची. दोन उपाय: वरच्या दोन रांगांमध्ये तिरक्या काड्या टाका, आणि वरची काडी दुहेरी करा. दोन काड्या नुसत्या शेजारी ठेवल्या तर ताकद दुप्पट. पूर्ण लांबीभर चिकटवल्या तर आठपट, कारण वाकण्याचा विरोध जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो.

हे मोडण्याआधी वर्गात दाखवा. एक काडी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर उभी धरून वरून लाकडी ठोकळ्याने हळू दाबा. साधारण 5 किलोच्या आसपास ती वाकू लागते. तीच अर्धी कापली की चौपट लागतं. तेव्हा माणसाच्या वजनाचा काटा घ्या, नाहीतर छोटा काटा जाईल. दाबणाऱ्याला चष्मा सक्तीचा.

सांगलीतल्या कृष्णेवरच्या आयर्विन पुलाचंही विचारा. कमानीचा पूल दाबावरच उभा आहे, म्हणून दगड चालतो. पुरात तिथल्या पाणीपातळीचे फूट सांगलीच्या पोरांना पाठ असतात, पण कमानीच का, हे बहुतेकांनी कधी विचारलेलं नसतं.

स्पर्धा 'कोणी जास्त उचललं' अशी ठेवू नका, नाहीतर सगळे फेविकॉल ओततात. उचललेला भार भागिले पुलाचं वजन, यावर लावा. आणि पाणी ओतण्याआधी कुठली काडी आधी जाईल, ते प्रत्येक गटाकडून खडूने खूण करून घ्या.

पाना_पक्कड
मास्तरांशी सहमत. वजन मात्र गोंद वाळल्यावरच करा, ओल्या फेविकॉलमध्ये पाणी बरंच असतं. आणि लॅबची भेट पूल मोडल्यानंतर ठेवा. यूटीएमवर (ताकद मोजायचं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन) सळई ताणून तोडतात तेव्हा 'आमची बादली' म्हणून मुलं ओळखतील. आधी नेलं तर नुसती मोठी हिरवी मशीन बघून येतील.